डाऊनी दरवर्षी त्याच कोपऱ्यातून का येतो?

द्राक्षबागेत फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीला वीस-बावीस दिवस झालेले असतात. पहाटे दव, दिवसा ढग. पान उलटं करून बघावं तर खाली पांढरी बुरशी. हाच डाऊनी, म्हणजे केवडा रोग. दुकानातून औषधाची नवी बाटली आणायची, ब्लोअर (ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप) फिरवायचा, चार दिवस बरे जातात. आभाळ भरून आलं की पुन्हा तेच. गेल्या वर्षी हेच, त्याच्या आधल्या वर्षी हेच, आणि सुरुवात होते तो कोपराही तोच.

दिंडोरी तालुक्यात माझा थॉमसन जातीच्या द्राक्षांचा अडीच एकरांचा प्लॉट आहे. नऊ बाय पाच फुटांची लागण, वाय आकाराचा मांडव, डॉगरिज खुंटावर कलम. या प्लॉटवर मी ओळीने चार हंगाम डाऊनीच्या मागे धावलो. कोणतं औषध मारू, असं ज्याला-त्याला विचारत फिरलो. हा प्रश्नच चुकीचा होता, हे पाचव्या वर्षी कळलं. माझ्या डाऊनीचं अर्धं कारण जमिनीत होतं आणि अर्धं फेलफूट (छाटणीनंतर येणाऱ्या जादा कोवळ्या फुटी) काढणाऱ्या मजुरांच्या टोळीच्या वेळापत्रकात. बाटलीचा वाटा त्यानंतरचा. ज्या क्रमाने मी शोधत गेलो तो क्रम उलटा होता, म्हणून इथे सरळ करून लिहितोय.

आधी डाऊनीच आहे ना, ते बघा

हसू नका. भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगाला डाऊनी समजून आणि खताच्या चटक्याला भुरी समजून पंप भरणारे माझ्या माहितीत बरेच आहेत, त्यात एकदा मीही होतो. भुरीची पावडर पानाच्या वरच्या बाजूलाही येते, बोटाने पुसली जाते आणि तिला कुबट वास असतो. तिला पाऊस नको, उलट कोरडी-ढगाळ हवा मानवते. डाऊनीचा डाग वरून पिवळसर, तेल सांडल्यासारखा दिसतो आणि पांढरी बुरशी त्याच डागाच्या बरोबर खाली, फक्त खालच्या बाजूला येते.

डाग जुना आहे की जिवंत, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्याला सोपा उपाय आहे. संध्याकाळी डाग असलेली पाच-सहा पानं तोडा, ओल्या कागदाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि रात्रभर कपाटात अंधारात ठेवा. सकाळी डागाखाली ताजी पांढरी लव उगवलेली दिसली तर रोग जिवंत आहे. डाग तपकिरी, कोरडाच राहिला तर आधीची फवारणी लागू पडली आहे. घाबरून पुन्हा मारायचं कारण नाही. या पिशवीने माझ्या दोन फवारण्या वाचवल्या.

हा रोग वेळ कशी साधतो

एवढं डोक्यात बसलं तर पुढचं सगळं आपोआप समजतं. बुरशी पानाच्या आत वाढते. रात्रीचा अंधार, ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता, १३ अंशांच्या वर तापमान, असे चारेक तास मिळाले की ती पानाखाली बीजाणू काढते. हे बीजाणू वाऱ्याने दुसऱ्या पानावर जातात आणि तिथे पाण्याचा थेंब असेल तर त्यातून पोहत पर्णरंध्रात शिरतात. द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रं खालच्या बाजूला असतात. म्हणजे रोग शिरतो खालून, आणि आपण औषध मारतो वरून.

शिरल्यावर पाच-सात दिवस काहीच दिसत नाही. आज दिसलेला तेलकट डाग हा गेल्या आठवड्यातल्या पावसाचा असतो. डाग बघून मारलेलं औषध म्हणजे चोर गेल्यावर लावलेलं कुलूप. आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणाऱ्या) औषधांनी मागे जाऊन पकड मिळते, ती फार तर एक-दोन दिवसांची.

आणि घड. फुलोऱ्यापासून मणी वाटाण्याएवढा होईपर्यंत घड सगळ्यात नाजूक असतो. त्यानंतर मण्याची रंध्रं निकामी होतात आणि मणी बराचसा सुटतो, देठ मात्र पुढेही सापडतो. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळाचा पाऊस आला तेव्हा नाशिक भागातल्या कितीतरी बागा नेमक्या फुलोऱ्याच्या आसपास होत्या. त्या वर्षी काय झालं ते जुन्या बागायतदारांना विचारा.

कोपरा: जमिनीचं काय

माझा कोपरा प्लॉटच्या उताराच्या टोकाला आहे. काळी भारी माती. चार वर्षं मी समजत होतो की शेजारच्या बागेतून वारा रोग आणतो. पाचव्या वर्षी सप्टेंबरात एक पाऊस झाल्यावर तिथे दोन फुटांचा खड्डा घेतला. सव्वा फुटावर कुदळ खणखणली. त्याखाली माती निळसर-करडी, तांबूस ठिपके असलेली, हातात घेतली की नाल्यासारखा वास. मुळ्या वरच्या वितीतच पसरलेल्या आणि पांढरी मुळी जवळपास नाही. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळीही अर्धं तसंच होतं.

त्या एका खड्ड्याने चार वर्षांचा हिशोब लागला. पाणी मुरत नाही म्हणून बोदाजवळची (वेलीखालच्या मातीच्या वरंब्याजवळची) हवा रात्रभर दमट राहते. मुळी चालत नाही म्हणून वेल मागे पडते, मागे पडलेली दिसते म्हणून मी तिला जास्त नत्र आणि जास्त पाणी देतो. नत्राने शेंडा लुसलुशीत वाढतो, पानं मोठी आणि मऊ होतात, एकमेकांवर पडतात. डाऊनीला यापेक्षा चांगलं अंथरूण मिळणार नाही. ते मीच घालून दिलं होतं.

कुदळ खणखणली त्या थराचं कारणही माझंच. ओल्या मातीत दर दोन-तीन दिवसांनी ट्रॅक्टर आणि भरलेला ब्लोअर एकाच चाकोरीतून फिरला की खाली फरशी तयार होते. फवारणी जितकी जास्त, तितकी फरशी पक्की, तितकी दमट हवा, तितकी पुन्हा फवारणी.

उपाय म्हणून मी केलं ते सांगतो. कोपऱ्यातल्या ओळींच्या टोकाला अडीच फूट खोल चारी काढून नाल्याला जोडली. एप्रिल छाटणीनंतर (ही काड्या घडवण्यासाठीची छाटणी), माती कोरडी असताना, ओळींच्या मधून खोल फाळ फिरवला; मुळ्या तुटतात म्हणून एक आड एक ओळ, उरलेल्या पुढच्या वर्षी. पावसाळ्यात ओळींमध्ये ताग टाकला आणि फुलावर यायच्या आधी, चाळीसेक दिवसांनी, कापून तिथेच अंथरला. ताग किंवा गवत ऑक्टोबर छाटणीपर्यंत उभं ठेवू नका, वेलीखालची हवा कोंडते. कापून अंथरलं तर पावसाचे थेंब मातीवर आपटून उडत नाहीत आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली गादी राहते. दोन पावसाळ्यांनी तिथे गांडुळांची विष्ठा दिसायला लागली.

नत्राबद्दल अंदाज सोडून द्या. देठ परीक्षण (पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासणं) करा: एप्रिल छाटणीनंतर ४५ व्या दिवशी आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात. माझ्या पहिल्याच अहवालात कोपऱ्यातल्या वेलींचं नत्र बाकी प्लॉटपेक्षा जास्त निघालं. ज्या वेलींना मी उपाशी समजत होतो त्या अपचनाने आजारी होत्या. ड्रिपही संध्याकाळी चालवायचं बंद केलं. सकाळी पाणी दिलं की रात्रीपर्यंत वरची माती वाळते.

एक काम बहुतेक जण टाळतात. छाटणीआधी गळवलेली आणि छाटणीत पडलेली पानं. रोगाचे जाड कवचाचे बीजाणू त्यातच पडून राहतात, आणि आपल्याकडे वेल बारमाही हिरवी असल्याने पावसाळ्यातल्या पानांवरचा रोग थेट ऑक्टोबरच्या फुटीवर येतो. रोगट पानं बोदावर आच्छादन म्हणून ठेवू नका. ती गोळा करून शेणकाल्यात घालून चांगली तापू द्या किंवा खड्ड्यात पुरा. काड्यांचं मात्र आच्छादन करा. त्या जाळायची सवय आपल्याकडे आहे. जाळून काय मिळतं ते मला अजून कळलेलं नाही.

फेलफूट: ज्याचा डाऊनीशी संबंध आहे असं मला वाटलंच नव्हतं

आता मुख्य गोष्ट.

छाटणीनंतर पंधरा ते वीस दिवसांत, फूट तीन-पाच पानांची झाली की फेलफूट निघायला हवी. वेलीवर ठेवायच्या तेवढ्याच काड्या ठेवायच्या, बाकीच्या काढायच्या. मी वेलीला तीस-पस्तीस ठेवतो. ही विरळणी वेळेत झाली तर वारा आत खेळतो, दव आठ-नऊ वाजेपर्यंत सुकतं आणि औषध घडापर्यंत पोहोचतं. दहा दिवस उशीर झाला की मांडवाखाली झाडी तयार होते. फूट त्या दिवसांत इतकी जोरात असते की दोन-तीन दिवसांत नवं पान येतं, आणि त्या पानावर तुमच्या मागच्या फवारणीतलं काहीच नसतं.

माझ्या जुन्या वह्या काढून बघितल्या. चारही वर्षं फेलफूट छाटणीनंतर अठ्ठाविसाव्या ते एकतिसाव्या दिवशी निघाली होती. कारण काय तर "मजूर मिळाले नाहीत". हे वाक्य आपण इतक्यांदा बोलतो की त्याच्या पुढे काही विचारायचं असतं हेच विसरून गेलोय. का मिळाले नाहीत?

आमच्याकडे येणाऱ्या टोळ्या पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यातल्या. मी छाटणी १० ते १५ ऑक्टोबरला धरायचो. फेलफूट येते ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आणि नेमकी तेव्हाच त्या लोकांच्या घरच्या भाताची कापणी असते, वरून दिवाळी. आमच्या टोळीच्या मुकादमाला मी एकदा शांतपणे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या बागेची तारीख तुम्ही हवामान बघून ठरवता. आमच्या भाताला बी हवामान असतं ना." माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्या हातांवर माझी बाग उभी आहे त्यांनाही एक-दीड एकराची शेती आहे आणि तिची कापणी माझ्या फेलफुटीच्या दिवशीच येते, ही गोष्ट वीस वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती.

दुसरं कारण जास्त लाजेचं आहे. चौथ्या हंगामात टोळी आली होती, वेळेत आली होती आणि दुसऱ्या दिवशी निघून गेली. झालं असं की आभाळ आलं म्हणून मी सकाळी सहाला ब्लोअर फिरवला आणि नऊला बायका फेलफुटीला आत शिरल्या. पानं ओली होती. मांडवाच्या तारेला एकीने लुगड्याची झोळी बांधून तान्हं पोर त्यात निजवलं होतं, आणि झोळीच्या वरच्या पानांतून पाणी ठिबकत होतं. ते पाणी नव्हतं हे मला माहीत होतं. मी बघितलं आणि काही बोललो नाही, कारण काम थांबलं असतं. दुपारी दोघींचं डोकं धरलं, एकीला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी टोळी शेजारच्या गावात कामाला लागली. मी गावभर सांगत फिरलो की मजुरांना पळायची सवय लागली आहे.

म्हणजे चक्र असं: फेलफूट उशिरा, म्हणून गर्दी, गर्दी म्हणून डाऊनी, डाऊनी म्हणून रोज फवारणी, रोज फवारणी म्हणून बाग कायम ओली, ओल्या बागेत टोळी थांबत नाही, म्हणून फेलफूट आणखी उशिरा. या चक्रात औषध बदलून काय होणार होतं?

मी तोडलं ते असं. टोळीची तारीख आधी, छाटणीची नंतर. ऑगस्टमध्येच मुकादमाबरोबर बसून भाताची कापणी कधी येईल ते विचारतो आणि अडीच एकरांची छाटणी दोन तुकड्यांत करतो, एक सप्टेंबरअखेर, दुसरी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. सप्टेंबरच्या छाटणीला पावसाचा धोका जास्त, हे मान्य. पण वेळेत विरळलेली बाग दोन पाऊस जास्त सोसते, कोंदटलेली बाग एकही सोसत नाही, असा माझा अनुभव आहे. हा निर्णय प्रत्येकाने आपल्या गावच्या पावसावर घ्यावा.

मोबदल्याचंही बोलू. एकरी ठेक्याने फेलफूट दिली की काम झपाट्याने होतं आणि ओलांड्याच्या (तारेवर आडव्या वाढवलेल्या फांदीच्या) आतल्या बाजूच्या फुटी तशाच राहतात, कारण तिथे हात घालायला वेळ लागतो. डाऊनी नेमका तिथून सुरू होतो. मी फेलफूट रोजंदारीवर नेली. डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), थिनिंग (मणी विरळणं) ठेक्यावरच आहे. पैसे जास्त गेले का? फेलफुटीला हो. आणि उचल देऊन माणसं बांधून ठेवायची पद्धत सोडली. उचल घेतलेला माणूस येतो, पण येऊन तुमची बाग बघत नाही. मोकळेपणाने येणारी मावशी चालता चालता पान उलटं करून ओरडते, "भाऊ, हितं पांढरं दिसतंय." माझ्याकडचा पहिला डाग गेली दोन वर्षं तिनेच शोधलाय.

बांधावर एक फळा लावला. त्यावर कोणतं औषध, किती वाजता मारलं, आत कधी जायचं. वाचता न येणाऱ्यांसाठी लाल आणि हिरवं फडकं. औषधाच्या लेबलवर आत जाण्याची मुदत असेल ती पाळायची, नसेल तर माझा नियम निदान २४ तासांचा. झोळ्यांसाठी विहिरीजवळ शेड. हात धुवायला साबण, प्यायला वेगळा माठ, आणि औषधाच्या रिकाम्या कॅनमधून पाणी आणायचं नाही. बायकांसाठी संडास बांधला, तो आधीच बांधायला हवा होता. हे सगळं निर्यातीच्या तपासणीतही विचारतात, पण तपासणीच्या आदल्या दिवशी टांगलेला फळा आणि रोज खडूने लिहिलेला फळा यातला फरक टोळीला लगेच कळतो.

आता बाटलीकडे

वर्षभराच्या फवारण्यांची वही घ्या आणि ब्रँडचं नाव खोडून समोर घटकाचं नाव लिहा. मी लिहिलं तेव्हा कळलं की "औषध बदललं" असं मी तीनदा म्हणालो होतो आणि तिन्ही वेळा गट एकच होता. डायमेथोमॉर्फ, मँडिप्रोपॅमिड, इप्रोव्हॅलिकार्ब ही तीन वेगळी नावं असली तरी बुरशीवर एकाच जागी वार करतात. एकाला ती सरावली की तिघांना सरावते. मेटॅलॅक्झिल आणि अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटांचं तर जगभरात हेच झालंय. एका गटाचं औषध हंगामात दोनदा, तेही लागोपाठ नाही आणि बहुस्थानी औषधाच्या (बुरशीवर एकाच वेळी अनेक जागी वार करणाऱ्या) जोडीने, एवढी शिस्त ठेवा. बहुस्थानी म्हटलं की मँकोझेब आठवतं, पण युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याला पुन्हा मान्यता नाकारली आहे. निर्यात करायची असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं त्या वर्षीचं अ‍ॅनेक्शर ५ (शिफारशीत औषधांची यादी) समोर ठेवूनच काय आणि काढणीआधी किती दिवस ते ठरवा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपल्या कंटेनरांची काय गत झाली ते विसरायला नको.

मग ब्लोअर. भर दुपारी टाकीत साधं पाणी भरा, नेहमीच्या वेगाने एका ओळीतून फिरा आणि मागे चालत घडाजवळची पानं उलटी करा. कोरडी असतील तर टाकीत अमृत घातलं तरी उपयोग नाही. माझी कोरडी होती. प्रत्येक नोझलखाली बाटली धरून मिनिटभर पाणी मोजलं. नोझलच्या ठरलेल्या प्रवाहापेक्षा दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर नोझल बदला. माझी सहा बदलली, खर्च एका बाटलीपेक्षा कमी. ट्रॅक्टरचा वेगही उतरवला.

चार-चार बाटल्यांचं कॉकटेल करू नका. बोर्डो तर कशातच मिसळू नका.

बोर्डोवरून आठवलं. द्राक्षातला डाऊनी १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये पोहोचला. मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून चुना आणि मोरचूद फासत. त्या वेलींवर रोग नाही, हे मिलार्दे या शास्त्रज्ञाने टिपलं आणि १८८५ मध्ये त्यातून बोर्डो मिश्रण जगाला मिळालं. आपण अजून तेच वापरतो: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्या भांड्यात, मग एकत्र. लोखंडी विळा बुडवून बघायचा. तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला आहे.

चांगलं औषध आहे, पण सेंद्रिय म्हणून डोळे झाकून मारण्यासारखं नाही. मोरचुदात पाव भाग तांबं असतं. एकरी चारशे लिटर एक टक्का बोर्डो म्हणजे चार किलो मोरचूद, म्हणजे एक किलो तांबं, म्हणजे हेक्टरी साधारण अडीच किलो. युरोपात शेतकऱ्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे, वर्षाला सरासरी चार. आपल्या दोन फवारण्यांत ती ओलांडते. तांबं मातीतून कुठे जात नाही, साठत राहतं, आणि गांडूळ पहिलं पळतं. मी छाटणीनंतर एकदा खोड-ओलांड्यावर मारतो, फार तर एकदा पावसाळ्यात.

फवारणारा आणि पेस्टवाला

ब्लोअरवर माझा चुलतभाऊ असतो. तोंडाला रुमाल बांधून फवारायचा. रुमाल औषध अडवत नाही, शोषून घेऊन नाकाला लावून ठेवतो. कार्ट्रिजचा मास्क, नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्यांचा अंगरखा, एवढं तरी हवं. आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसेक जण गेले, ते काही फार लांबचे लोक नव्हते. फवारून आलेला माणूस घामाघूम झाला, लाळ गळायला लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या तर लिंबू-ताक देत बसू नका. कपडे काढा, अंग धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टरांना घटकाचं नाव लागतं.

पेस्टिंगचं वेगळं सांगायला हवं, कारण ते विषबाधेसारखं वाटत नाही. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड लावतो. हे रसायन शरीरात दारूचं पचन मध्येच अडवतं. पेस्ट लावलेल्या दिवशी संध्याकाळी थोडी जरी घेतली तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. लोक म्हणतात, "त्याला चढली." चढलेली नसते. काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २००८ मध्ये हे रसायन बाद केलं, आपल्याकडे अजून कापडाच्या बोळ्याने, उघड्या हातांनी लावतात. निदान लांब हातमोजे द्या. आणि आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारू बंद, हे सकाळी सगळ्यांसमोर कारणासकट सांगा, उपदेशासारखं नको. मी सांगितलं तेव्हा दोघांनी पेस्टिंगऐवजी तारा ओढायचं काम मागितलं. दिलं.

यंदाचं

कोपऱ्यातल्या दोन ओळी अजून पूर्ण सुधारलेल्या नाहीत. गेल्या हंगामातही पहिला डाग तिथेच निघाला, फक्त तो फुलोऱ्यानंतर निघाला आणि पिशवीत घातल्यावर दुसऱ्या दिवशी कोरडाच राहिला. चारी गाळाने अर्धी भरली आहे, ती मे महिन्यात उपसायची आहे. मुकादमाचा फोन येऊन गेला. त्याच्याकडे यंदा हळवं (लवकर पिकणारं) भात जास्त आहे, कापणी आठवडाभर आधी आहे. म्हणून दुसरी छाटणी मीही आठवडाभर अलीकडे सरकवतोय. तुमच्या बागेत कोपरा कोणता, उतार कुठे, आणि मागच्या तीन वर्षांत फेलफूट कितव्या दिवशी निघाली, एवढं वहीतून काढून ठेवा. औषधाचं नाव त्यानंतर विचारा.